दैवाचा हिशेब तपासणारा माणूस : कार्ल पिअर्सन

बी. ए. ला अर्थशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला कार्ल पिअर्सन हे नाव नवे नाही. सहसंबंध गुणांक काढण्याची जी पद्धत आपण वर्गात शिकतो ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. रकाने आखायचे, बेरजा करायच्या, उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान आले की सुटकेचा निःश्वास टाकायचा, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. सूत्रामागे हाडामांसाचा माणूस असतो, त्याला घरदार, मित्र, शत्रू, हट्ट आणि अभिमान असतात, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. मी या माणसाविषयी मिळेल ते वाचू लागलो ते केवळ कुतूहलाने. पण वाचता वाचता लक्षात आले की, ज्या प्रश्नाने आमच्या हिंगोली जिल्ह्यातील कितीतरी घरांतील चूल विझवली, त्याच प्रश्नाच्या मागे हा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी हात धुऊन लागला होता. उद्या कोणता आकडा येणार हे कोणाला आधी सांगता येते काय, हा तो प्रश्न.

आकडा म्हणजे काय ते वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे भाव तारेने मुंबईस येत आणि त्या भावांवर पैज लावली जाई, ही या खेळाची सुरुवात. आपण पिकवतो तो कापूसच त्याच्या मुळाशी होता, हा दैवदुर्विलास. पुढे १९६० नंतर भावांची जागा चिठ्ठ्यांनी आणि पत्त्यांनी घेतली व मटका हे नाव रूढ झाले. कायद्याने तो गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनाने १२ एप्रिल १९६९ रोजी स्वतःची लॉटरी सुरू केली, तीत लोकांचे पाय मटक्यापासून वळावेत हाही एक हेतू होता. पाय वळले नाहीत. उलट आकडा आधी सांगणाऱ्यांचा एक नवाच धंदा उभा राहिला. मागील आकड्यांचे तक्ते, त्यावर आखलेल्या तिरक्या रेघा, स्वप्नांचे अर्थ, बाबांचे इशारे, या साऱ्यांतून खात्रीचा आकडा काढून देणारे लोक आपण पाहतो. त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे केवळ वाद घालून ठरत नाही. ते तपासावे लागते. आणि तपासावे कसे, याची रीत ज्यांनी घालून दिली त्यांत पिअर्सनचे स्थान फार वरचे आहे.

त्याचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील विल्यम पिअर्सन हे नामांकित वकील. घराणे मूळचे यॉर्कशायरचे, क्वेकर पंथाचे. घरात शिस्त कडक आणि कामाचा उरक जबरदस्त. सोळाव्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने मुलाची शाळा सुटली, तेव्हा खासगी शिक्षकाकडून तो शिकला आणि १८७५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिष्यवृत्तीसह दाखल झाला. १८७९ च्या गणिताच्या परीक्षेत तो तिसरा आला.

त्याचा स्वभाव कळण्यास कॉलेजातील एक प्रसंग पुरेसा आहे. त्या काळी विद्यार्थ्यांना धर्मशास्त्राच्या व्याख्यानांना आणि प्रार्थनामंदिरात हजर राहणे सक्तीचे होते. पिअर्सनने सक्तीविरुद्ध भांडण मांडले आणि ते जिंकलेही. नियम बदलला. पण त्यानंतर तो प्रार्थनेला जाताना दिसू लागला, तेव्हा अधिकारी चक्रावले. त्याचे सांगणे सरळ होते : आपला विरोध प्रार्थनेला नव्हता, सक्तीला होता. कोणतीही गोष्ट कोणी सांगते म्हणून मान्य करावयाची नाही, हा त्याचा बाणा तेव्हापासूनचा.

पुढे तो जर्मनीत गेला. हायडेलबर्ग आणि बर्लिन येथे त्याने पदार्थविज्ञान, तत्त्वज्ञान, रोमन कायदा, मध्ययुगीन जर्मन साहित्य असे जे जे हाती लागेल ते वाचले. समाजवादाचे वारेही त्याला तेथेच लागले. मूळ नावाचे आद्याक्षर बदलून तो जर्मन पद्धतीने कार्ल हे नाव लिहू लागला, तोही याच सुमारास. परत आल्यावर वडिलांच्या इच्छेखातर वकिलीची सनद मिळवली, पण वकिली कधी केली नाही. आपण कला शाखेचे विद्यार्थी गणिताला बिचकतो. त्याने मात्र साहित्य आणि गणित यांच्यामध्ये भिंत अशी मानलीच नाही, हे मला फार भावले.

१८८४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो उपयोजित गणिताचा प्राध्यापक झाला. स्त्रीपुरुष संबंधांवर मोकळेपणाने चर्चा करण्यासाठी त्याने मित्रमैत्रिणींचे एक मंडळ काढले. त्या मंडळातच मारिया शार्प हिच्याशी परिचय झाला आणि १८९० मध्ये विवाह. १८९२ मध्ये त्याचा ‘ग्रामर ऑफ सायन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तरुण आइन्स्टाइनने मित्रांसह बर्न येथे जे अभ्यासमंडळ चालवले होते, त्यात हा ग्रंथ वाचला गेला होता.

आता आपल्या विषयाकडे येतो. १८९१ मध्ये पिअर्सनला ग्रेशॅम कॉलेजात भूमितीचे व्याख्यातेपद मिळाले. ही व्याख्याने संध्याकाळी आणि सर्वसामान्य लोकांसाठी असत. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणारे कारकून, कारागीर समोर बसलेले. त्यांना रुक्ष सूत्रे सांगून काय उपयोग ? त्याने नाणी, सोडतीच्या चिठ्ठ्या, पत्ते आणि रूलेट यांचा आधार घेतला. एकदा त्याने दहा हजार पेनी व्याख्यानगृहाच्या जमिनीवर विखरून टाकल्या आणि छापे किती, काटे किती ते श्रोत्यांना मोजावयास लावले, असे सांगतात. जवळजवळ निम्मे निम्मे भरले. नाणे २४,००० वेळा उडवून त्याने केलेली नोंद तर प्रसिद्धच आहे : १२,०१२ वेळा छापा. एकेक नाणे कसे पडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण हजारो नाण्यांचे वागणे मात्र शिस्तीचे असते. एकट्याची बेशिस्त आणि समुदायाची शिस्त, हा त्याच्या विद्येचा पाया.

त्या काळी युरोपातील जुगाऱ्यांची पंढरी म्हणजे माँटे कार्लो. रूलेट म्हणजे शून्य ते छत्तीस असे ३७ घरांचे फिरते चाक. त्यावर गोळी सोडतात आणि ती ज्या घरात पडेल तो आकडा जिंकतो. जिंकणाऱ्याला एकास पस्तीस या भावाने पैसे. घरे ३७ आणि लाभ पस्तीसपट, या फरकावर मालकाचा महाल उभा असतो. छत्तीस आकड्यांपैकी निम्मे लाल, निम्मे काळे, म्हणून रंगावरही पैसे लावता येतात. येथे पद्धती सांगणाऱ्यांचे पीक फार. कोणी म्हणे, लाल सहा वेळा आला की आता काळ्याची पाळी. कोणी म्हणे, हरलात की दुप्पट लावा, एकदा तरी जिंकालच. चाकाला मागची आठवण नसते, आणि दुप्पट करणाऱ्याचा खिसा चाकाच्या आधी थकतो, एवढे साधे सत्य त्यांच्या डोक्यात शिरत नसे.

‘ल मोनाको’ या नावाच्या पत्रात माँटे कार्लोच्या निकालांची यादी छापली जाई. जुगारी ती विकत घेत आणि आपल्या पद्धती तीवर पारखून पाहत. आपल्याकडील तक्त्यांचा हा सख्खा भाऊच. पिअर्सनने या याद्या मिळवल्या आणि हिशेबाला बसला. प्रथम त्याने लाल किती, काळे किती ते पाहिले. दोन्ही जवळपास सारखे. कोणीही येथेच थांबला असता आणि चाक प्रामाणिक आहे असा दाखला देऊन मोकळा झाला असता. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला. लाल आणि काळे कोणत्या क्रमाने येतात ?

नशीब खरोखर आंधळे असेल, तर एक रंग आल्यावर पुढच्या फेरीत तो बदलण्याची शक्यता निम्मी आणि टिकण्याची निम्मी. म्हणजे एकाच रंगाच्या जेवढ्या मालिका होतील त्यांपैकी निम्म्या एका फेरीतच तुटाव्यात, चतुर्थांश दोन फेऱ्या टिकाव्यात, अष्टमांश तीन. त्याने तपासलेल्या ४,२७४ मालिकांत एका फेरीच्या २,१३७ असावयास हव्या होत्या, त्या २,४६२ निघाल्या. दोन फेऱ्यांच्या १,०६८ च्या ठिकाणी ९४५, आणि तीन फेऱ्यांच्या ५३४ च्या ठिकाणी अवघ्या ३३३. एवढी तफावत योगायोगाने पडणे अशक्यप्रायच. पृथ्वीच्या जन्मापासून हे चाक फिरत असते तरी असा प्रकार एकदाही घडेल असे मानता येत नाही, अशा आशयाचा निर्वाळा त्याने १८९४ मध्ये एका मासिकातील लेखात दिला. जुगारगृहे बंद करून त्यांचा पैसा संभाव्यतेच्या संशोधनाला द्यावा, अशी कोपरखळीही मारली.

मग चाक वाकडे होते काय ? पुढे जी हकीकत सांगितली जाऊ लागली ती अधिक मासलेवाईक आहे. निकाल लिहून घेण्यासाठी नेमलेले बातमीदार टेबलाजवळ बसण्याऐवजी मद्यगृहात बसत आणि मनाने आकडे लिहून देत, असे म्हणतात. माणूस मनाने नशीब लिहू लागला की हटकून फसतो. लाल लिहिल्यावर पुन्हा लाल लिहावयास त्याचा हात धजत नाही. म्हणून तो वाजवीपेक्षा अधिक वेळा रंग बदलतो. वाचकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. एका मित्राला शंभर वेळा खरोखर नाणे उडवून छापा-काटा लिहावयास सांगा, दुसऱ्याला मनाने लिहू द्या. खऱ्या यादीत सलग सहा छापे किंवा सहा काटे बहुधा कोठेतरी सापडतील. मनाच्या यादीत सहसा सापडणार नाहीत. ज्या यादीवर हजारो जुगारी आपल्या पद्धती घासून पाहत होते, ती यादीच चाकाची नव्हती, हे या कथेतील मर्म.

तफावत दिसली, पण ती किती असली म्हणजे योगायोग म्हणून सोडून द्यावयाची नाही ? याचे मोजमाप त्याच्यापाशी अद्याप नव्हते. त्याचा जिवलग मित्र प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने बारा फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या होत्या. एकूण ३,१५,६७२ दाने. त्यांत पाच किंवा सहा हे दान १,०५,२२४ वेळा पडावे, ते पडले १,०६,६०२ वेळा. फरक दिसावयास क्षुल्लक. पण १९०० साली पिअर्सनने जी नवी कसोटी प्रसिद्ध केली, ती लावताच हे फासे किंचित एकांगी असल्याचे स्पष्ट झाले. फाशावरचे ठिपके कोरलेले असतात. सहाच्या बाजूचे लाकूड वा हाड अधिक कोरले गेल्याने ती बाजू हलकी राहते आणि वर येते, असे त्याचे कारण सांगितले जाते. हीच ती काय-वर्ग कसोटी.

ती आपल्याकडील आकड्यांना कशी लावावी ते थोडक्यात सांगतो. शंभर दिवसांचे ओपन घ्या. शून्य ते नऊ यांपैकी प्रत्येक आकडा सरासरीने दहा वेळा यावा. प्रत्यक्ष किती वेळा आला त्यातून दहा वजा करा, वर्ग करा, दहाने भागा आणि दहाही आकड्यांची बेरीज घ्या. बेरीज नऊच्या आसपास असेल तर शंकेला जागा नाही. सतराच्या वर गेली तर मात्र भुवई उंचवावी, कारण निव्वळ योगायोगाने असे शंभरात पाचच वेळा घडते.

आकडा सांगणाऱ्यालाही हाच न्याय. रोज एक आकडा सांगणारा शंभर दिवसांत केवळ नशिबाने दहाच्या आसपास बरोबर येणारच. चारपासून सोळापर्यंत बरोबर आले तरी त्यात विद्या काही नाही. पण हुशार माणूस एक आकडा सांगत नाही. तो चार आकडे देतो आणि ओपन किंवा क्लोज यांपैकी कोठेही एक लागला तरी पास झाला म्हणतो. हिशेब करा. ओपन चुकण्याची शक्यता दहात सहा, क्लोज चुकण्याची दहात सहा. दोन्ही चुकण्याची शंभरात छत्तीस. म्हणजे डोळे मिटून चार आकडे सांगणाराही शंभरातून चौसष्ट दिवस पास ! गावात त्याची कीर्ती होते ती या चौसष्ट दिवसांवर. खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र वेगळाच हिशेब येतो. एकाला नऊ या भावाने रोज दहा रुपये एका आकड्यावर लावले तर शंभर दिवसांत हजार जातात आणि सरासरीने नऊशे परत येतात. चार आकड्यांवर लावले तर नुकसान चौपट. ज्याची रोजची मजुरी त्यात जाते, त्याच्या घरी ही सरासरी पोचते ती रिकाम्या डब्याच्या रूपाने.

शिवाय आणखी एक खबरदारी. सांगितलेला आकडा निकालाआधी वहीत लिहिलेला असला पाहिजे, आणि चुकलेले दिवसही त्याच वहीत राहिले पाहिजेत. १,०२४ जणांनी दहा दिवस छापा-काट्याचे भाकीत केले तर त्यांतील एकजण सरासरीने दहाही वेळा बरोबर येतो. त्याला गुरू करणाऱ्यांनी उरलेले १,०२३ विसरून चालणार नाही.

पिअर्सनचे पुढील आयुष्य म्हणजे कामाचा डोंगर. १९०१ मध्ये वेल्डन आणि गाल्टन यांच्यासह त्याने ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक काढले. १९०६ मध्ये वेल्डन अकाली वारला, तो घाव त्याला फार लागला. १९११ मध्ये गाल्टनच्या देणगीतून निर्माण झालेले प्राध्यापकपद त्याच्याकडे आले. त्याच्या प्रयोगशाळेत हातयंत्रांची घरघर चाले आणि तक्त्यांवर तक्ते तयार होत. १९२७ मध्ये टिपेट याने तयार केलेले ४१,६०० यादृच्छिक अंकांचे पुस्तक त्याच्याच ग्रंथमालेत निघाले. जनगणनेच्या अहवालांतून उचललेले ते निव्वळ विस्कळीत अंक. पण निर्मळ योगायोग ही किती दुर्मिळ वस्तू आहे हे ज्याला माँटे कार्लोने शिकवले होते, त्यालाच त्यांचे मोल.

या विद्येचा ओघ आपल्या देशातही आला. १९१५ मध्ये केंब्रिजहून परतताना प्रशांतचंद्र महालनोबीस ‘बायोमेट्रिका’चे खंड बरोबर घेऊन आले आणि त्यातून १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था उभी राहिली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३३ ते १९३६ या काळात लंडनच्या त्याच कॉलेजात शिकले. तेव्हा पिअर्सन नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याचा मुलगा एगॉन तेथे शिकवीत होता.

चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळावयाची हा आपल्या वार्षिकांतला प्रघात आहे. मला तो येथे पाळता येत नाही. पिअर्सन सुप्रजननवादाचा कट्टर पुरस्कर्ता होता. माणसाचे गुणदोष रक्तातून येतात, काही वंश श्रेष्ठ आणि काही हीन, हे त्याने जणू गृहीतच धरले. १९२५ मध्ये त्याने मार्गारेट मूल हिच्यासह लंडनमधील स्थलांतरित ज्यू मुलांच्या मोजमापांवर लेखन सुरू केले आणि हे लोक देशात येऊ देण्यालायक नाहीत अशा निष्कर्षाला तो पोचला. १९३४ च्या निरोपाच्या भाषणात हिटलरच्या योजनेचा उल्लेखही त्याने आशेने केला. रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये त्याच्या कसोटीच्या वापरातील एक चूक दाखवली, तीही त्याने मानली नाही. जगाच्या भाकितांना कसोटी लावणाऱ्याने आपल्या मनातील भाकितांना ती लावली नाही. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजाने त्याचे नाव इमारतीवरून आणि व्याख्यानगृहावरून काढून टाकले. सूत्र मात्र कोणी काढू शकत नाही. ते जसे मटकेवाल्याला लागू तसे पिअर्सनलाही लागू, हीच त्याची थोरवी आणि हीच त्याची शिक्षा.

त्याने १९२० मध्ये एक सरकारी बहुमान आणि १९३५ मध्ये सर ही पदवी नाकारली. २७ एप्रिल १९३६ रोजी सरे परगण्यातील कोल्डहार्बर येथे त्याचे निधन झाले.

त्याने घालून दिलेली रीत महाराष्ट्रात कशी वापरली गेली याचे उत्तम उदाहरण म्हणजे २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृती सहकाऱ्यांसह घेतलेली फलज्योतिषाची चाचणी. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगितले. अठ्ठावीस बरोबर आल्यास विद्या मानावी असे आधीच ठरले होते. सर्वांत यशस्वी ज्योतिषाचे चोवीस बरोबर आले. सर्वांची मिळून सरासरी तर निम्म्याहूनही कमी. एका संस्थेने दोनशेही कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर ठरली. नाणे उडवले असते तरी याहून वाईट झाले नसते.

आणि आता तर आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशा वेधशाळांना पहिली लहर जाणवली, तेव्हा शास्त्रज्ञांनी आनंद करण्यापूर्वी एक हिशेब केला : उपकरणांतील निव्वळ गोंगाटातून असा संकेत योगायोगाने किती दिवसांनी उमटेल ? दोन लाख तीन हजार वर्षांतून एकदाही नाही, असे उत्तर आले, तेव्हा कोठे त्यांनी जगाला सांगितले. ज्या मातीत पानटपरीवर उद्याचा आकडा छातीठोकपणे सांगितला जातो, त्याच मातीत असा सावध हिशेब करणारी माणसे येऊन बसणार आहेत. त्यांच्या शेजारी राहण्याची पात्रता आमच्या अंगी यावयाची असेल, तर एक वही, एक पेन्सिल आणि शंभर दिवसांचा धीर एवढेच भांडवल लागते.